अपडेट चालू असताना लाईट गेली, आणि त्याआधी बहिणीच्या गेमचा पाच आठवड्यांचा सेव्ह माझ्या हातनं गेला. काही करता येईल काय?

जांबोटी_रोड (धागाकर्ता) · शनिवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. माझं गाव खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या अलीकडं. मी कामाला बेळगावात, खोली टिळकवाडीत. पीसी गावाकडं असतो, मी आणि धाकटी बहीण दोघं वापरतो. पाऊस लागला की आमच्याकडं नेट जातं ते आठवडे-आठवडे येत नाही, लाईटचं तर दिवसातनं चार वेळा येणं-जाणं. त्यामुळं जुलैच्या सुरवातीपासनं ती ऑफलाईन मोडमध्येच खेळायली होती.

परवा कॅबिनेट पोत्यात गुंडाळून बसनं खोलीवर आणलं, म्हटलं इथल्या नेटवर सगळे अपडेट करून घेऊ. आधी तिचा गेम उघडला. लाँचरनं (गेम उतरवायचं, उघडायचं सॉफ्टवेअर) चौकट दाखवली: क्लाउडवरची, म्हणजे नेटवर ठेवलेली, सेव्हची प्रत आणि या कॉम्प्युटरवरची प्रत जुळत नाही, कुठली ठेवायची? क्लाउडवरची नवी दाखवत होती. मी तीच दाबली. गेम उघडला तर २ जुलैचा. त्यानंतरचं काही नाही.

त्या गडबडीत माझ्या गेमचा अपडेट लावून ठेवला होता, तो ६१ टक्क्यांवर असताना लाईट गेली. आता 'खेळा'च्या जागी 'इन्स्टॉल करा' दिसायलंय. ४८ जीबी परत उतरवायचं काय?

लाँचरचं नाव घालत नाही, कारण बटण मी दाबलं. माझ्या गेमचं काय व्हायचं ते होऊ दे. तिचं काही परत येत असेल तर सांगा. तिला अजून सांगितलेलं नाही.

---

तिसरं_गेट · रात्री ९:५२

आधी नेटची वायर काढ, मग पुढचं वाच. तिचा गेम त्या पीसीवर परत उघडू नकोस, बंद-चालू करून बघू नकोस. सिंक, म्हणजे इथली आणि क्लाउडवरची प्रत जुळवणं, होतं ते गेम सुरू करताना आणि बंद करताना. दर उघडण्याला आहे ते आणखी पुसायची शक्यता वाढते.

तीन गोष्टी सांग. चौकटीत "या कॉम्प्युटरवरची" म्हणून तारीख काय दिसत होती? सी ड्राइव्ह एसएसडी आहे की जुनी हार्डडिस्क? आणि या पाच आठवड्यांत ती दुसऱ्या कुठल्या कॉम्प्युटरवर खेळली होती काय?

---

उचगाव_पोरगा · रात्री १०:०५

एसएसडी असली तर डिलीट फाइल परत काढायचं सॉफ्टवेअर लावून लई उपयोग नाही भावा. विंडोज एसएसडीला सांगून टाकतं की ही जागा रिकामी झाली, मग ती डिस्क आतनं खरंच साफ करती. ट्रिम म्हणतात त्याला. जुन्या फिरत्या हार्डडिस्कवर निदान चान्स असतो, तोही वरनं दुसरं काही लिहिलं नसेल तर. माझे कॉलेजच्या प्रोजेक्टचे फोटो असेच गेले.

फाइल हिस्टरी चालू होती काय बघ. फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, 'प्रीव्हियस व्हर्जन्स'.

---

जांबोटी_रोड · रात्री १०:३०

वायर काढली. फाइल हिस्टरी कधी चालूच केली नव्हती, प्रीव्हियस व्हर्जन्स रिकामं आहे. सी ड्राइव्ह एसएसडीच.

तारीख आत्ता आठवून बघितली. या कॉम्प्युटरवरची म्हणून २०१७ दाखवत होती. म्हणूनच मला वाटलं की ही कुठली तरी जुनी पडून राहिलेली प्रत असणार. दुसरा कॉम्प्युटर आहे काय ते तिला विचारावं लागेल. म्हणजे सांगावंच लागेल.

---

तिसरं_गेट · रात्री १०:४८

२०१७ वाचून कळलं. तुझ्या मदरबोर्डवरचा सेल संपलाय. साधारण रुपयाच्या नाण्याएवढा, चपटा, सीआर २०३२ लिहिलेला असतो. लाईट गेल्यावर पीसीचं घड्याळ त्या सेलवर चालतं. सेल मेला की लाईट जाऊन आली म्हणजे घड्याळ कारखान्यातल्या तारखेवर जातं. नेट असलं तर विंडोज बऱ्याचदा आपोआप वेळ जुळवून घेतं आणि आपल्याला पत्ता लागत नाही. तुमच्याकडं पाच आठवडे नेट नव्हतं. तिनं जुलै-ऑगस्टमध्ये केलेल्या प्रत्येक सेव्हवर २०१७ चा शिक्का बसला. खरी नवी प्रत चौकटीत जुनी दिसली आणि तू फसलास. तुझ्या जागी मी असतो तरी बहुतेक तेच दाबलं असतं.

खोलीवर आणल्यावर ब्राउझरनं "तुमचं घड्याळ मागे आहे" असं काही दाखवलं होतं काय? ती खूण असते.

अशी चौकट कुणालाही आली की तारखेवर जाऊ नका. चौकट तशीच ठेवा, काहीही दाबू नका, फाइल एक्सप्लोरर उघडून सेव्हचा फोल्डर डेस्कटॉपवर कॉपी करा. दोन मिनिटं लागतात. मग काय दाबायचं ते दाबा, चुकलं तरी हातात प्रत असते.

---

जांबोटी_रोड · रात्री १०:५५

होय दादा, दाखवलं होतं. वेळ दुरुस्त केली आणि पुढं गेलो. डोक्यातच आलं नाही.

---

निपाणी_आक्का · रात्री ११:१०

मी गेम खेळत नाही, शाळेत शिकवतो. पण मुलगा खेळतो आणि हे दुखणं आमच्या घरात होऊन गेलंय, म्हणून लिहितो.

बाळा, बहिणीला आज रात्रीच सांग. उद्या तिनं मामाकडं नाहीतर मैत्रिणीकडं नेट असलेल्या कॉम्प्युटरवर गेम उघडला आणि तिथं एखादी प्रत शिल्लक असली, तर तीपण जाईल. लपवण्यात वेळ जायला नको.

दुसरं, आमच्याकडची रीत सांगतो. एकदा माझ्याकडनं सहामाहीच्या गुणांच्या फाइलवर वार्षिकची फाइल चढली होती. तेव्हापासनं मी महिन्याच्या पगाराच्या दिवशी पेनड्राइव्हवर तारखेचा नवा फोल्डर करतो आणि त्यात सगळं घालतो. जुन्या फोल्डरला हात लावत नाही. मुलगा पुण्याला गेल्यापासनं त्याच्या सेव्हचे फोल्डरही त्यातच ठेवतो. तो हसायचा. गेल्या वर्षी त्याचा लॅपटॉप भिजला, तेव्हा फोन करून म्हणाला, आई, जानेवारीचा फोल्डर हाय काय?

---

तिसरं_गेट · रात्री ११:४५

आक्कांचं बरोबर आहे. क्लाउड सिंक म्हणजे दोन्हीकडं सारखं ठेवणं. इकडं पुसलं की तिकडं पुसतं. इकडं बिघडलेली फाइल आली की तीच वर जाते. आक्कांच्या पेनड्राइव्हवर जानेवारीचं जानेवारीतच राहतं. स्टीम, गॉग, एपिक ही गेमची ऑनलाइन दुकानं, प्रत्येकाचा आपला लाँचर. स्टीमवर क्लाउड २००८ पासून आहे आणि रोजच्या कामाला चांगलं आहे, पण कुठल्या फाइली वर जाणार आणि किती जागा मिळणार हे गेम बनवणारा ठरवतो. काही गेमना ती सोयच नसते. गॉगनं २०२४ मध्ये एका गेमला २०० एमबीची मर्यादा घातली. तेव्हा "क्लाउडचं चिन्ह दिसतंय म्हणजे सगळं सुरक्षित" असं धरून चालू नका.

स्टीमवाल्यांना एक उपयोगी वाट: ब्राउझरमधनं खात्यात गेलात की क्लाउडचं पान असतं, तिथं गेमवार फाइली, आकार, तारीख दिसते आणि फाइल उतरवूनही घेता येते. शंका आली तर लाँचर न उघडता आधी तिथं बघा.

आणि गेम बंद केल्या केल्या पीसी बंद करू नका. वर चढवणं चालू असतं. आपल्याकडं लाईट जाईल या धास्तीनं लोक घाईनं शटडाउन करतात आणि अर्धवट राहतं. लायब्ररीत गेमच्या नावाशेजारी सिंक झालं असं दिसेपर्यंत थांबा.

आता तुझ्या ४८ जीबीचं. ते परत उतरवावं लागणार नाही, निवांत राहा. उद्या सविस्तर लिहितो.

---

तिसरं_गेट · रविवार, सकाळी ८:२०

मार्केट यार्डात माल उतरवताना पोत्यापोत्याला नंबर आणि वजन असतं आणि पावतीवर तेच लिहिलेलं असतं, तसं धरा. स्टीम प्रत्येक गेमच्या फाइली साधारण एक-एक एमबीच्या तुकड्यांत कापतं. प्रत्येक तुकड्याचा गणितानं एक ठसा काढलेला असतो. तुकड्यातलं एक अक्षर बदललं तरी ठसा पूर्ण वेगळा येतो. या ठशांची यादी म्हणजे मॅनिफेस्ट. 'व्हेरिफाय' दाबलं की लाँचर तुमच्या डिस्कवरची प्रत्येक फाइल वाचतो, ठसा काढतो, यादीशी ताडून बघतो. जुळलं नाही तेवढंच परत मागवतो. म्हणून वेळ लागतो तो डिस्क वाचायला. नेटवर खर्च अगदी थोडा.

तुझं झालंय असं: फाइली जागेवर आहेत, पण "हा गेम इथं आहे" अशी नोंद ठेवणारी छोटी फाइल लाईट जाताना बिघडली. स्टीमवर ती स्टीमॲप्स फोल्डरात ॲपमॅनिफेस्ट नावानं असते. असं झालं की 'इन्स्टॉल' दाबायचं आणि तीच जागा निवडायची. आधीच्या फाइली शोधतोय असं दाखवतं, सगळं तपासतं, आणि उरलेलंच उतरवतं.

एपिकवर असंच सरळ इन्स्टॉल लावू नका. गेमच्या फोल्डरचं नाव बदला. इन्स्टॉल सुरू करा, दोन-चार टक्के झाले की थांबवा, लाँचर पूर्ण बंद करा. नवा झालेला फोल्डर काढून जुना मूळ नावानं जागेवर ठेवा, मग लाँचर उघडून पुढं चालू करा. तपासून घेतो. एरवीच्या तपासणीला लायब्ररीत तीन टिंबांखाली 'मॅनेज', तिथं 'व्हेरिफाय'. गॉग गॅलक्सीतही तपासून दुरुस्त करायची सोय आहे. शिवाय गॉगवर इन्स्टॉलरच पूर्ण उतरवून हार्डडिस्कवर ठेवता येतो. नेट नसलेल्या गावांसाठी मला हे सगळ्यांत आवडतं, एकदा आणलं की कुणाला विचारायला नको.

स्टीमवर तपासणी कुठं: गेमवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, 'इन्स्टॉल्ड फाइल्स'. तिथं एक-दोन फाइली जुळल्या नाहीत असं दर वेळी आलं तर घाबरू नका, काही सेटिंगच्या फाइली प्रत्येकाच्या वेगळ्याच असतात.

पण दुकानात लोक "दहा वेळा व्हेरिफाय केलं, तरी बंद पडतंय" म्हणून येतात, त्यांना मी एकच विचारतो: दर वेळी तीच फाइल बाद होती की वेगवेगळ्या? तीच असेल तर बहुतेक अँटिव्हायरस ती संशयित म्हणून उचलून क्वारंटाइनमध्ये, म्हणजे वेगळी कोंडून, टाकतोय. तिथनं सोडवा, फोल्डरला सूट द्या. दर वेळी वेगळ्या फाइली बाद होत असतील तर गेमला दोष देऊ नका, रॅम नाहीतर डिस्क खराब आहे. विंडोजचं मेमरी डायग्नोस्टिक रात्रभर लावा, नाहीतर मेमटेस्ट ८६. एका पोराची रॅम अशीच निघाली. तो वर्षभर एकच गेम परत परत उतरवत होता.

---

चिकोडी_४०एमबीपीएस · सकाळी ९:०५

दादा, ४८ जीबी वाचले म्हणजे किती वाचले ते सांगतो. आमची लाइन ४० एमबीपीएस. ते मेगाबिट. आठानं भागलं की सेकंदाला ५ एमबी. ४८ जीबीला पावणेतीन तास, तेही वेग पूर्ण मिळाला तर. मोबाइलच्या रोजच्या २ जीबीवर उतरवायचं म्हटलं तर २४ दिवस.

माझा प्रश्न वेगळा आहे. अपडेट ३०० एमबीचा असतो, आणि डिस्क मात्र अर्धा तास घरघरत बसती, वर "जागा कमी आहे" म्हणती. हे का?

---

तिसरं_गेट · सकाळी ९:३०

गेमच्या फाइली एकेक मोठी मोटच असती, कधी वीस जीबीची एक फाइल. त्यात थोडं बदललं तरी लाँचर नवी मोट बांधतो: जुन्यातले चांगले तुकडे, वर नवे ३०० एमबी. बांधून होईपर्यंत दोन्ही डिस्कवर असतात, म्हणून जागा दुप्पट लागती. उतरवत असताना लाईट गेली तर फार काही बिघडत नाही, पुढनं सुरू होतं. नवी मोट जुनीच्या जागी ठेवत असताना गेली तर जांबोटी_रोडसारखं होतं. साधा ६०० व्हीएचा यूपीएस दहा मिनिटं तग धरतो, तेवढ्यात अपडेट थांबवून नीट बंद करता येतं. आणि अपडेट "गेम उघडेन तेव्हाच" असं लावून ठेवा. पावसाळ्यात आपोआप अपडेट नकोच.

---

उचगाव_पोरगा · सकाळी ९:५०

आम्ही हॉस्टेलला एकानं उतरवलं की बाकीचे त्याच्याकडनंच घेतो. स्टीममध्ये २०२३ पासून एकाच वायफायवरल्या दोन पीसींमध्ये गेम पाठवायची सोय आली. इंटरनेटवरनं अगदी थोडं येतं, बाकी सगळं शेजारच्या पीसीवरनं. तिथंही ठसे तपासले जातात, त्यामुळं खराब फाइल येत नाही.

हार्डडिस्कवर नेणार असाल तर ती एक्सफॅट नाहीतर एनटीएफएस पद्धतीनं फॉरमॅट करून घ्या. फॅट ३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल जात नाही. एकदा मी खानापुरापर्यंत हार्डडिस्क घेऊन गेलो आणि तिथं गेल्यावर कळलं की तीन मोठ्या फाइली आल्याच नव्हत्या.

---

चिकोडी_४०एमबीपीएस · सकाळी १०:१०

आणि मॉडचं, म्हणजे गेममध्ये बाहेरनं घातलेल्या बदलांचं, काय? व्हेरिफाय केलं की मॉड जातात म्हणतात.

---

तिसरं_गेट · सकाळी १०:२५

मूळ फाइल बदलणारा मॉड असेल तर जातो, कारण तुकडा यादीशी जुळत नाही. जास्तीची फाइल टाकणारा मॉड असेल तर ती तशीच राहते, स्टीम यादीत नसलेल्या फाइलीला हात लावत नाही. म्हणून "व्हेरिफाय केलं तरी मॉडमुळं बंद पडतंय" हेही खरं असू शकतं, ती फाइल हातानं काढायला लागती. वर्कशॉप म्हणजे स्टीमवरचं मॉड मिळायचं ठिकाण, तिथलं मॉड स्टीमॲप्समध्ये वर्कशॉप, त्यात कंटेंट, तिथं येतं. ते बनवणाऱ्यानं बदललं की तुमच्याकडंही बदलतं. सेव्ह एखाद्या मॉडवर अवलंबून असेल तर सेव्हची प्रत घेताना त्या मॉडचा फोल्डरही घ्या. स्टीमच्या स्वतःच्या 'बॅकअप'मध्ये गेमच्या फाइली येतात, बाहेरच्या फोल्डरातले सेव्ह आणि मॉड येत नाहीत. नावावर जाऊ नका.

---

जांबोटी_रोड · दुपारी १:१५

बहिणीला फोन केला. आधी गप्पच झाली. मग म्हणाली, "नागपंचमीला नंदगडला गेलो तेव्हा पेनड्राइव्हवर घेऊन गेलतो की."

आई माहेरी जाताना ती बरोबर गेली होती. मामाच्या पीसीवर तिचं खातं आधीपासनं होतं, तिथं पण नेट बंदच होतं, म्हणून तिनं सेव्हचा फोल्डर पेनड्राइव्हवरनं नेला आणि तीन दिवस तिथं खेळली. परत आल्यावर तोच पेनड्राइव्ह तिनं शाळेच्या झेरॉक्ससाठी फॉरमॅट केला. पण मामाच्या पीसीवर ते असणार!

अडचण अशी की मामाकडं काल नेट आलंय, आणि मामेभाऊ संध्याकाळी खेळायला बसतो. मी मामीला फोन करून सांगितलं की मी येईपर्यंत पीसी चालू करू देऊ नका. आता निघतोय. तिथं नेमकं काय करू?

---

तिसरं_गेट · दुपारी १:२२

राउटर बंद कर. त्यानंतरच पीसी चालू कर. लाँचर आपोआप उघडला तर बंद कर. सेव्हचा फोल्डर शोध: बरेच गेम डॉक्युमेंट्समध्ये 'माय गेम्स'खाली ठेवतात, काही 'सेव्ह्ड गेम्स'मध्ये, बाकीचे ॲपडेटामध्ये. तो फोल्डर लपलेला असतो. विंडोज आणि आर एकत्र दाबून येणाऱ्या चौकटीत इंग्रजीत ॲपडेटा लिही, दोन्ही बाजूंना टक्क्याची खूण, की रोमिंग उघडतं. एक पायरी वर गेलास की लोकल आणि लोकललो. उदाहरणार्थ स्टारड्यू व्हॅलीचे सेव्ह रोमिंगमध्येच असतात, आणि आदल्या दिवसाची प्रतही शेजारी 'ओल्ड' लावून ठेवलेली असते. तुमच्या गेमचं ठिकाण पीसीगेमिंगविकीवर मिळेल, मोबाइलवर आत्ताच बघून जा.

दोन पेनड्राइव्हवर कॉपी घे. कट करू नकोस, कॉपी. मग फोल्डर उघडून फाइलींचा आकार दोन्हीकडं सारखा आहे हे डोळ्यांनी बघ.

खोलीवर आल्यावर नेट बंद ठेवून आत्ताचा २ जुलैचा फोल्डर बाजूला कॉपी कर, नंदगडचा त्याच्या जागी ठेव, ऑफलाईनमध्ये गेम उघडून तिचं सगळं दिसतंय याची खात्री कर, एकदा सेव्ह कर, बंद कर. मग घड्याळ बरोबर आहे हे बघून नेट जोड. चौकट आली तर या कॉम्प्युटरवरची ठेव.

---

निपाणी_आक्का · दुपारी १:३०

बाळा, पावसाचं सावकाश जा. फाइल कुठं पळत नाही आता.

---

जांबोटी_रोड · रात्री १०:०५

मिळालं. मामी पीसीपुढं खुर्ची घेऊन बसली होती, मामेभावाला जवळ फिरकू दिलं नाही. राउटर बंद करून फोल्डर काढला, दोन पेनड्राइव्ह, आकार जुळला. खोलीवर येऊन दादांनी सांगितलं तसं केलं. चौकट आली, हात थरथरत होता, या कॉम्प्युटरवरची ठेवली. वर चढल्याचं दिसलं.

नागपंचमीनंतरचे बारा दिवस गेले. जुलै पूर्ण परत आला. माझा गेमही दादांच्या वाटेनं लागला, ४८ मधले साडेतीन जीबीच परत उतरवावे लागले.

सेल आणलाय, सकाळी बसवतो. तिला फोन दिलाय, तिला काहीतरी लिहायचंय.

---

जांबोटी_रोड (बहीण लिहितेय) · रात्री १०:२०

दादानं सगळं वाचून दाखवलं. तिसरं_गेट दादा आणि आक्का, दोघांना मनापासनं थँक्स. बारा दिवसांचं मी वहीत लिहून ठेवलंय, काय पेरलो, कुणाला काय दिलो, सगळं. त्यामुळं ते परत करता येतंय.

आक्का, एक विचारतो. तुम्ही तारखेचा फोल्डर करता तो कसा लिहिता? मी आधी "नवीन", "नवीन २", "एकदम नवीन" असं करायलोतो आणि मलाच कळत नव्हतं.

---

निपाणी_आक्का · रात्री १०:४०

आधी वर्ष, मग महिना, मग दिवस लिही. महिना-दिवस दोन अंकीच, जानेवारीला नुसता १ नको, ०१. म्हणजे कॉम्प्युटर ते आपोआप ओळीनं लावतो आणि फाइलवरची तारीख चुकली तरी तुला कळतं. पुढं एक शब्द घाल, "नंदगडहून" असा. आजचा पहिला फोल्डर आत्ताच कर आणि झाला की मला सांग.